नाखवाबाईंचं उधाण

सूड घ्यायला आरडाओरडा लागतो, असा माझा वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत समज होता. आमच्या घरात भांडण म्हणजे भांडी, दारं आणि वडिलांचा घसा या तिन्हींचा एकत्र कार्यक्रम असे. पुढे आमच्या वरच्या मजल्यावर हिरा नाखवा राहायला आल्या आणि सूड हा प्रकार किती शांतपणे, किती सुबकपणे आणि खरं सांगायचं तर किती चविष्टपणे करता येतो, ते मला कळलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या डोंबिवलीची. नाखवाबाई एका शाळेत वरच्या वर्गांना मराठी शिकवायच्या. मूळच्या ठाण्याच्या, चेंदणी कोळीवाड्याच्या. वडील खाडीत होडी, घरच्या बोलीत होरी, घालायचे, आई जानकीबाय बाजारात मासळी विकायची. बाई लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कॉटनची साडी कडक इस्त्रीची, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. त्यांना कधी मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नाही. राग आला की त्या आणखी हळू बोलायच्या. समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि तो वाकला की अर्धं काम झालेलं असे.

त्यांचं पेटंट वाक्य एकच होतं. "बघू. तिथी येऊ दे."

मला आधी वाटलं, बाई पंचांगाच्या नादातल्या असतील. तसं नव्हतं. त्या उधाणाच्या नादातल्या होत्या. उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्र फुगतो, मोठ्या लाटा उठतात आणि खाडीचं पाणी वर चढत चढत पार कल्याणच्या बंदरापर्यंत जातं, ते. कोळ्याच्या घरात उधाण कधी येणार आणि कधी उतरणार हे लेकराला चालण्याआधी कळतं, असं बाई म्हणायच्या. आणि म्हणून पेपरात "खरेदीला उधाण", "चर्चेला उधाण" वाचलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे.

"मुकुंदराव," त्या मला म्हणायच्या. मी तीस वर्षांचा, बँकेत कारकून, मला राव म्हणणाऱ्या जगात त्या एकट्या. "हे उधाण आलं म्हणतात, मग ओहोटी कधीची तेही सांगायला नको का? उधाण तिथीला येतं आणि तिथीला जातं. जे जातच नाही ते कसलं उधाण? तो पूर."

निबंधात कोणी "आनंदाला उधाण आले" असं लिहिलं की बाई समासात लाल शाईनं विचारायच्या, "ओसरला कधी?" एका मुलीनं उत्तर लिहिलं होतं, "बाबा घरी आल्यावर." तिला बाईंनी पैकीच्या पैकी दिले.

पण आधी सुडाचं सांगतो.

शाळेत देवधरबाई म्हणून गणिताच्या शिक्षिका होत्या. नाखवाबाई नोकरीला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत, देवधरबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "तुम्ही तुमचा डबा जरा लांब उघडाल का? सवय नाही हो आम्हाला." डब्यात त्या दिवशी होती भेंडीची भाजी. नाखवाबाईंनी डबा उचलला, खिडकीशी जाऊन बसल्या, आणि जेवून घेतलं. 

वर्ष गेलं. शिक्षकांची सहल निघाली खडवलीला, नदीवर. स्वयंपाक नाखवाबाईंनी अंगावर घेतला. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, कैरीचं तोंडीलावणं. नदीकाठी तीन दगडांच्या चुलीवर बिरड्याला अशी उकळी आली की मुख्याध्यापक पोहायचं सोडून ओल्या अंगानं पंगतीला येऊन बसले. पानं मांडली. देवधरबाई बसायला गेल्या तशा नाखवाबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "देवधरबाई, तुम्ही जरा लांब बसाल का? तिकडे त्या झाडाखाली. माझ्या हातचा वास येईल हो. सवय नाही ना तुम्हाला."

 देवधरबाई झाडाखाली बसल्या. वाढायला नाखवाबाई स्वतः गेल्या, चार वेळा गेल्या, आणि प्रत्येक वेळी भरपूर वाढलं. मला हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मीच उपाशी राहिल्यासारखं वाटलं. "उपाशी ठेवलं नाही मी," त्या म्हणाल्या. "पोटभर जेवून गेली पाहिजे. नाहीतर भुकेचं तेवढं लक्षात राहतं, बाकीचं विसरतं माणूस."

दुसरा प्रसंग आमच्या इमारतीतला, त्यात माझ्या आईचाही बळी गेला. नाखवाबाईंनी एकदा गच्चीवर सुके बोंबील उन्हाला टाकले. सेक्रेटरी परांजपे यांनी त्याच दुपारी नोटीस लावली: "गच्चीवर कोणत्याही प्रकारचे वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे." बोंबील असा शब्द लिहायला त्यांचा हात धजला नसावा. बाईंनी बोंबील गोळा केले आणि नोटीस वहीत उतरवून घेतली.

मग एप्रिल आला. एप्रिलमध्ये डोंबिवलीत काय होतं, हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या. पहिल्या रविवारी सकाळी परांजपेकाकू चिकाचं पातेलं घेऊन जिना चढल्या, तर गच्चीच्या दारात खुर्ची. खुर्चीत नाखवाबाई. मांडीवर वही.

"काकू, कोणत्याही प्रकारचे," बाई म्हणाल्या.

"अगं, पण ते तुझ्या त्या... त्याच्यासाठी होतं!"

"कशाच्यासाठी? लिहिलेलं नाहीये. मी मराठी शिकवते काकू, जे लिहिलंय तेच वाचते."

सगळा एप्रिल, सुट्टीच्या प्रत्येक दिवशी बाई खुर्ची टाकून गच्चीच्या दारात. पेपर तपासायला घेऊन बसायच्या. माझ्या आईचे पोह्याचे पापड पलंगाखाली पंख्यावर वाळले आणि चवीला पलंगासारखे लागले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परांजप्यांनी स्वतःच्या हातानं नोटीस फाडली. त्याच दुपारी गच्चीवर एका बाजूला कुरडया आणि दुसऱ्या बाजूला बोंबील असे शेजारी शेजारी पडले होते, आणि बाई दोन्हींवरचे कावळे हाकत होत्या.

आता मुख्य गोष्ट. त्यात पाप माझं आहे, म्हणून ते आधीच कबूल करतो.

बाईंकडे साडीचं एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यात उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या राहिलेल्या पानांच्या चिठ्ठ्या, पत्त्याच्या पानाएवढ्या कापलेल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक वाक्य, आणि प्रत्येक वाक्यात उधाण. वीस-बावीस वर्षांचा संग्रह. बाजारात, बसस्टॉपवर, लग्नात, दवाखान्यात, जिथे कोणाच्या तोंडून तो शब्द येईल तिथे बाई पर्स उघडून चिठ्ठी काढायच्या. समोरच्या बाजूला वाक्य, जसं बोललं तसं, एक काना इकडचा तिकडे न करता. आणि उलट्या बाजूला: कोण बोललं, कुठे बोललं, कोणाला बोललं, तिथी कोणती.

"मागची बाजू कशाला?" मी एकदा विचारलं.

"शब्द काय झाडाला लागतात? कोणाच्या तरी तोंडातून येतात ना? मग त्या तोंडाचं नाव नको?"

मी तेव्हा आमच्या वसाहतीच्या वाङ्मय मंडळाचा चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे खुर्च्या लावणारा. अध्यक्ष होते लिमयेसर, कॉलेजातून निवृत्त झालेले, गोरेपान, खांद्यावर शाल, आणि बोलायला उभे राहिले की पुढच्या रांगेतल्या बायका घरच्या कुकरची आशा सोडत. मनानं वाईट नव्हते. पण त्यांना वाटायचं की जगात जे जे काही बोललं जातं ते त्यांनी लिहून काढावं म्हणूनच बोललं जातं.

मी फुशारकीनं त्यांच्यापुढे खोक्याचा विषय काढला. सर म्हणाले, "वा! आठ दिवस द्याल? नुसतं चाळतो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. खोकं मीच उचलून सरांच्या घरी नेऊन दिलं. महिन्यानं ते परत आलं, लाल फीत बांधून.

दिवाळीत सरांचं पुस्तक निघालं. 'उधाण: अर्थ आणि उपयोग.' पानं शंभरच्या आत, पण जाड कागदामुळे भारदस्त. मी ते बाईंना नेऊन दिलं आणि उभा राहिलो. बाईंनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मला बसा म्हणाल्या नाहीत. त्यांच्या चिठ्ठ्या, त्याच क्रमानं, एकामागून एक. वाक्य त्यांचं, खाली सरांचं स्पष्टीकरण. नाव एकाचंही नाही. प्रस्तावनेच्या शेवटी आभार होते: मुद्रकाचे, पत्नीचे, आणि "कोळी समाजातील अनामिक भगिनींचे."

"अनामिक," बाई म्हणाल्या. इतक्या हळू की मी पुढे वाकलो. "मुकुंदराव, माझी आय अनामिक आहे का हो?"

मी म्हणालो, "बाई, मी सरांशी बोलतो. दुसऱ्या आवृत्तीत तुमचं नाव..."

"माझं कशाला? मी एक शब्द तरी बोललेय का त्यात? ज्यांचे आहेत त्यांची नावं. सगळ्यांची." मग त्या एका पानावर थांबल्या आणि त्यांच्या ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं. "सरांनी चिठ्ठ्यांची मागची बाजू पाहिलीच नाही."

"कशी पाहिली नाही?"

"छापखान्याला कागद एका बाजूनं लिहून द्यायची सवय. चाळीस वर्षांची. त्यांना वाटतं, कागदाला मागची बाजू नसतेच." त्यांनी पुस्तक मिटलं. "बघू. तिथी येऊ दे."

तिथी ठरली माघी पौर्णिमा, रविवार, सकाळी दहा. मंडळात पुस्तकावर चर्चा. सर खूश. बाईंनी स्वतः होऊन चर्चेत भाग घ्यायचं कबूल केलं, याचा सरांना इतका आनंद झाला की त्यांनी मला दोनदा फोन करून सांगितलं. निमंत्रणांची यादी मात्र बाईंनी केली आणि ती घरोघर पोचवायची शिक्षा मला झाली. सुट्टीच्या दिवशी शहाडला जा, उल्हास नदीत बुड्या मारून रेती काढणारे जाधव शोध. विठ्ठलवाडीला जा, निवृत्त कंडक्टर साळुंके शोध. ठाण्याच्या मासळी बाजारात जा, गंगूबाय शोध. गंगूबाय म्हणाली, "कनाला बोलवलंय? माना कं भासन येतंय?" मी म्हटलं, नाखवाबाईंनी बोलावलंय. "हिरानं? मंग येतंय. सासूला पन आनतंय, ती घरान एकली ऱ्हात नाय."

त्या रविवारी सभागृहात मी खुर्च्या लावत होतो आणि एकेक माणूस येत होता. पुढच्या रांगांत नेहमीचे शाल-स्वेटरवाले. मागच्या चार रांगांत लुगडी, अबोलीचे गजरे, रेतीनं रंग उडालेले सदरे. अगदी मधोमध जानकीबाय नाखवा, वय ऐंशीच्या घरात, नाकात नथ, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू, पाय खुर्चीवर वर घेऊन बसलेली. सरांनी व्यासपीठावरून तिकडे पाहिलं आणि मला कौतुकानं म्हणाले, "बहुजन समाज आला आहे. उत्तम!"

सर पाऊण तास बोलले. अष्टमीच्या चांदण्यात उधाणलेल्या दर्याचं वर्णन त्यांनी केलं तेव्हा मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आठमीला? आठमीला भांग असतोय, पानी मरतंय!" मागच्या चारही रांगा हसल्या. भांग म्हणजे उधाणाच्या उलटं, हे पुढच्यांना कळलं नाही. सर म्हणाले, "शांतता राखा," आणि आणखी दहा मिनिटं अष्टमीतच राहिले.

मग नाखवाबाई उठल्या. हातात सरांचं पुस्तक, आणि शेजारच्या खुर्चीवर ते खोकं.

"सर, माझे फक्त तीन-चार प्रश्न. पान बारा. 'दुधाला उधाण आलं, गॅस बारीक कर.' खाली आपण लिहिलंय, 'हा प्रयोग गोपालक समाजात आढळतो.' हे वाक्य कोणाचं?"

सर हसले. "बाई, हे लोकांचं वाक्य. लोकभाषेला नाव नसतं."

"असतं, सर. जोशीकाकू, जरा उठता?"

आमच्या तळमजल्यावरच्या जोशीकाकू दुसऱ्या रांगेतून उठल्या. लाल झाल्या होत्या. "अय्या, हे मी माझ्या सुनेला म्हटलेलं! आणि गोपालक कसली हो सर, मी पिशवीचं दूध घेते."

सभागृहात हशा पिकला. सरही हसले. मोकळेपणानं हसले, कारण पाणी किती खोल आहे ते त्यांना अजून कळायचं होतं.

"पान एकोणीस," बाई म्हणाल्या. आवाज अर्ध्यानं खाली. सगळं सभागृह पुढे वाकलं. "'उधाणाच्या दिवशी बुडी मारली तर रेती नाही, शिव्याच हाताला लागतात.' आपलं स्पष्टीकरण, 'जीवनातील वैफल्याचे प्रतीक.'"

जाधव उठले. "वैफल्य नाय साहेब, मुकादम. शिव्या मुकादम देतो. टोपली रिकामी वर आणली का."

पान चोवीसला कंडक्टर साळुंके उठले, आणि पत्रीपुलावरच्या गर्दीबद्दलचं आपलं वाक्य त्यांनी कंडक्टरच्या आवाजात पुन्हा म्हणून दाखवलं, त्यावर टाळ्या पडल्या. सरांनी पाण्याचा पेला उचलला.

"पान एकतीस. 'दर्याला उधान दोन-चार दिस, माज्या सासूला बारा म्हयने.' स्पष्टीकरण, 'कोळी कुटुंबातील जिव्हाळ्याच्या नात्यांचे दर्शन.'"

गंगूबाय उठलीच नाही. ती खुर्चीत खाली खाली सरकत होती. शेजारी बसलेल्या तिच्या सासूनं मान वळवली.

"कवा बोललीस गो?"

"म्हातारे, ती जुनी गोस्ट..."

"कवा बोललीस?"

"बाजारान," गंगूबाय पुटपुटली. मग एकदम तिला जोर चढला, उभी राहिली आणि व्यासपीठाकडे बोट करून म्हणाली, "मी बोलले त बोलले, पन या मास्तरनं छापलंय! आता सगल्या ठाण्याला कललं!"

सासू व्यासपीठाकडे अशा नजरेनं पाहू लागली की सरांनी शाल घट्ट केली. त्यांच्या लक्षात आलं होतं. मागच्या चार रांगांत बसलेला प्रत्येक माणूस म्हणजे त्यांच्या पुस्तकातलं एक वाक्य होतं, आणि ती सगळी वाक्यं त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. ते घाईनं पुस्तकाची पानं उलटू लागले. पुढे काय आहे ते शोधत असावेत.

"शेवटचं, सर. पान चाळीस." आता बाईंचा आवाज जवळजवळ नव्हताच. पंख्याची घरघर ऐकू येत होती. "'तोंडाला उधान आलंय, पन जालं टाकलं त एक चिंबोरी गावनार नाय.' आपण लिहिलंय, 'बडबड्या स्त्रियांना उद्देशून कोळी समाजात असे म्हणतात.' हे कोणाला उद्देशून म्हटलंय, आपल्याला ठाऊक आहे?"

"म्हणजे... सर्वसाधारणपणे..." सर म्हणाले.

"चिठ्ठीच्या मागं लिहिलंय." बाईंनी खोक्यातून चिठ्ठी काढली, पण वाचली नाही. "आय, तूच सांग."

जानकीबायनं पाय खाली सोडले. सावकाश उठली. मी धावत जाऊन हात धरायला गेलो तर तिनं मला बाजूला सारलं.

"मी बोलले," ती म्हणाली. आईचा आवाज मुलीसारखा नव्हता. तो पन्नास वर्षं बाजारात तापलेला आवाज होता, त्याला माईक लागत नव्हता. "गेल्या साली हिरानं माना हितंच आनली व्हती. ह्यो मास्तर दर्यावर बोलत व्हता. दोन तास बोलला. मी हिराला इचारलं, हा कदी होरीन बसलाय? ती बोलली, नाय. तवा मी बोलले. ह्यालाच बगून बोलले."

 मग पुढच्या रांगेतल्या परांजपेकाकूंना हसू फुटलं, त्याच त्या वाळवणाच्या. तोंडावर रुमाल धरला तरी खांदे हलत होते. आणि मग सगळं सभागृह, शालीसकट आणि लुगड्यांसकट, असं हसत सुटलं की कोणी कोणाच्या आधी थांबायला तयार नव्हतं. मी चिटणीस, मी शांतता राखायला उभा होतो. मी खुर्चीच्या पाठीला धरून हसत होतो.

सर उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. पण त्या माणसाचं एक मी मानतो, ते व्यासपीठावरून पळाले नाहीत. हात जोडले. "बाई, मी जाहीर माफी मागतो. आपल्याकडून फार मोठं साहाय्य..."

"माफी नको," बाई म्हणाल्या. "माफी तुमची तुमच्यापाशी ठेवा. मला नावं पाहिजेत. एकूण एक. प्रत्येक प्रतीत."

"पुढच्या आवृत्तीत अवश्य..."

"याच आवृत्तीत. शुद्धिपत्र छापा. वाक्य, आणि बोलणाऱ्याचं नाव, गाव. आणि प्रत्येक प्रतीत चिकटवा."

"पण बाई, प्रती तर गेल्या. ठाण्यापासून खडवलीपर्यंत, घरोघर, शाळांमध्ये..."

"हो ना," बाई म्हणाल्या. "बरंच फिरावं लागेल तुम्हाला."

आणि लिमयेसर फिरले. मला वाटलं होतं चार दिवसांत विसरतील, पण बाई विसरू देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सरांना कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा दिला. पुस्तकात शुद्धिपत्र चिकटवलं की पुस्तकाच्या मालकाची सही चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला, आणि मागच्या बाजूला सरांनी लिहायचं: घर कोणतं, गाव कोणतं, काय बोलणं झालं, तिथी. मागची बाजू कोरी असली की बाई चिठ्ठी परत करायच्या. "पुन्हा जाऊन या, सर."

दोन-तीन वर्षं हा प्रकार चालला. शबनम पिशवीत डिंकाची बाटली आणि शुद्धिपत्रं घेऊन कल्याणच्या चौकात रिक्षाची वाट बघणारे लिमयेसर मी स्वतः पाहिले आहेत. सुरुवातीला तोंड चुकवायचे. नंतर नंतर स्वतःच सांगू लागले. "मुकुंदा, काल विठ्ठलवाडीला गेलो होतो. त्या घरातली म्हातारी म्हणाली, हे नाव माझ्या मावशीचं. दोन तास बसवून घेतलं तिनं." हे सांगताना त्यांचा चेहरा काही वेगळाच दिसायचा. मी बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मागच्या बाजूला लिहिलं का त्यांनी?"

दर महिन्याला सर चिठ्ठ्या द्यायला बाईंच्या घरी येत. बाई दारातच मोजून घेत आणि दार लावून घेत. एकदा माझ्या आईनं न राहवून जिन्यातच त्यांना सरबत दिलं, तर बाई आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

मधेच जानकीबाय गेली. चेंदणीला आम्ही सगळे गेलो होतो, सरही आले होते, मागे उभे होते. बाराव्यानंतर बाई परत आल्या आणि पहिल्याच दिवशी यादी काढून बसल्या. अजून अकरा प्रती राहिल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, आता आयच नाही. सोडून द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की माझीही तिथी कुठेतरी लिहिली जाते आहे. "ती होती तोवर तिला विचारता तरी येत होतं, कोण बोललं म्हणून," त्या म्हणाल्या. "आता फक्त कागदच सांगणार."

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते नव्वद सालानंतर, माझी बदली होऊन आम्ही डोंबिवली सोडली त्या आठवड्यात. लिमयेसर आजारी असल्याचं कळलं म्हणून मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. उजवा हात थरथरायचा. आत गेलो तर सर पलंगावर उशांना टेकून बसलेले, मांडीवर पाट, पाटावर पुस्तक. आणि समोर लाकडी खुर्चीत नाखवाबाई, कडक इस्त्रीच्या साडीत.

शेवटची प्रत होती ती. सरांची स्वतःची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी हिंडताना घरातली राहून गेली होती.

सर डिंकाचा ब्रश कागदावर फिरवत होते. अर्धा डिंक पाटावर, थोडा शालीवर. दोन्ही हातांनी शुद्धिपत्र उचललं, पुस्तकाच्या पानावर टेकवलं आणि तळव्यानं दाबलं. मग दमून मागे टेकले. लिमयेवहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाई पुढे झाल्या, पुस्तक स्वतःकडे वळवून पाहिलं आणि परत सरांकडे वळवलं.

"वाकडं लागलंय, सर. ओलं आहे तोवर सोडवा."

"बाई, राहू द्या ना आता," वहिनी म्हणाल्या. "एवढंसं वाकडं असलं तर काय होतंय?"

 उत्तर सरांनीच दिलं. शब्द जडावले होते, पण कळत होते. "खालचं नाव पुस्तकाच्या शिवणीत जातंय गं. जानकीबायचं." आणि त्यांनी नखानं कागदाचा कोपरा उचलायला सुरुवात केली. कोपरा निसटत होता. मी मदतीला पुढे सरकलो, तर बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी जागच्या जागी थांबलो.

कागद सुटला. बाई उठल्या, खिडकीशी गेल्या आणि पडदा पूर्ण बाजूला सारला. पाटावर ऊन आलं. मग त्या परत खुर्चीत येऊन बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "हं. आता दिसेल. लावा."